नऊ नंबरची हजेरी

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी जितके तास बसलो असेन, त्याच्या दुप्पट वेळा हजेरी दिली असेल. स्वतःची कमी, मित्रांची जास्त. सर रजिस्टरमधून मान वर न काढता नंबर पुकारायचे. आपला नंबर आला की 'प्रेझेंट सर', आणि गैरहजर मित्राचा आला की मान खाली घालून, आवाज जरा जाड करून, पुन्हा 'प्रेझेंट सर'. याला आम्ही प्रॉक्सी मारणं म्हणत असू. त्यात काही पाप आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. उलट मित्राची प्रॉक्सी न मारणारा माणूस हलकट समजला जाई. मी तीन वेगवेगळे आवाज काढत असे आणि मला त्याचा अभिमान होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या याच हुशारीमुळं झालं.

पन्नासचं दशक संपता संपता मी जर्मनीत कार्ल्सरूहेला डॉक्टरेट करायला आलो. वर्षा-दीड वर्षानं तोही आला. तो म्हणजे माझ्याच वर्गातला, सांगलीचा मित्र. कॉलेजात ज्यांच्या प्रॉक्सी मी मारल्या त्यांत पहिला नंबर त्याचा, कारण सकाळच्या पहिल्या तासाला तो कधी उठलाच नाही. स्टुडंटनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, आम्ही एका खोलीत राहायला लागलो. माणूस सरळ, हसरा आणि कमालीचा सावकाश. बुटाची नाडी बांधायला घेतली की तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा. निघण्याआधी चार महिने त्याचं लग्न झालं होतं. बायको सांगलीलाच होती. कागदपत्रं झाली की एप्रिलमध्ये येणार होती, आणि आमच्या खोलीतल्या कॅलेंडरवर तो रोज एक दिवस खोडत होता.

जानेवारीत तिचं पार्सल आलं. त्यात गुळपापडी होती, मेतकूट होतं आणि किरमिजी लोकरीचे हातमोजे होते, तिनं स्वतः विणलेले. सांगलीच्या उन्हात बसून, जर्मनीच्या थंडीचा काही अंदाज नसताना, कुठल्याशा मासिकातला नमुना बघून तिनं ते विणले होते. डाव्या हाताचा अंगठा उजव्यापेक्षा चांगला पेरभर लांब झाला होता. हा पठ्ठ्या ते हातमोजे मेन्झात, विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवतानासुद्धा काढायला तयार नसे. मी चिडवायचो, आणि तो तो लांब अंगठा माझ्यापुढं नाचवायचा.

आमच्या संस्थेच्या वर्कशॉपचे फोरमन होते, त्यांना सगळे नुसतं माइस्टर म्हणत. पन्नाशीचे, बुटके, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. ती युद्धात, रशियात गेली असं ऐकून होतो, आणि त्यापलीकडं विचारायची कोणाची छाती नव्हती. आमच्या प्रयोगांची सगळी यंत्रं त्यांच्या हातून व्हायची. त्यांची मर्जी फिरली तर आपला नळीचा सांधा महिनाभर टेबलावर तसाच पडून राहणार, हे आम्हांला पक्कं ठाऊक होतं. गावातल्या एका गिर्यारोहण क्लबाचेही ते म्होरके होते. दर वर्षी कार्निव्हलच्या सुट्टीत, शहरात लोक मुखवटे घालून धिंगाणा घालत असताना, क्लबाची मंडळी माइस्टरांच्या गावाकडं, रोनच्या डोंगरांत, एखादं शिखर चढायला जात.

"तुमच्याकडे डोंगर असतात का?" त्यांनी एकदा मला विचारलं.

"असतात म्हणजे काय! सगळा मुलूखच ज्वालामुखीच्या दगडाचा आहे आमचा," मी म्हणालो. सिंहगडावर दोनदा जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली होती, तेवढ्या जोरावर.

"मग या. आमचा डोंगरही एके काळी ज्वालामुखीच होता. काळा बसाल्ट. दगड तुमच्या ओळखीचा निघेल."

दगड ओळखीचा होता हे खरं. त्याच्यावरचं बर्फ ओळखीचं नव्हतं. आम्ही दोघं तयार झालो ते हौसेनं झालो की त्या नळीच्या सांध्यासाठी, हे आता सांगता येत नाही. बहुतेक सांध्यासाठीच.

शनिवारी बसनं निघालो, संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याच्या एका लाकडी घरात मुक्काम केला. रविवारी सकाळी आठला अंगणात सगळे उभे राहिलो. एकंदर बारा जण, त्यांत दोन बायका. माइस्टरांनी प्रत्येकाला एक नंबर दिला. ते स्वतः एक, मी आठ, माझा मित्र नऊ. मग त्यांनी नियम सांगितला. वर धुकं असतं, वारा असतो, चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. मी थांबून हाक दिली की प्रत्येकानं आपला नंबर क्रमानं ओरडायचा.

"आपला नंबर, आपल्या तोंडानं," ते म्हणाले. "मी डोकी मोजत नाही. डोकी दिसत नाहीत. मी आवाज मोजतो."

मित्र माझ्या कानाशी आला. "अरे, हजेरी आहे ही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

पहिला तास बीच वृक्षांच्या झाडीतून होता. बर्फ घोट्यापर्यंत, वाट मळलेली, थर्मासमधला चहा गरम. मित्राला ती चाल जमत होती. तो मध्येच वाकून बर्फ झाडून खालचा काळा दगड दाखवायचा. "बघ, घरचा आहे," म्हणायचा. झाडी संपली तिथं माइस्टरांनी पहिली हजेरी घेतली. मी आठ म्हणालो. पुढं काहीच आलं नाही. पुन्हा हाक, पुन्हा आठवर गाडी अडली. सगळे वाऱ्यात उभे राहिले. माइस्टर पन्नास पावलं उतरून खाली गेले, तेव्हा आमचे नऊ नंबर एका ओंडक्यावर बसून, हातमोजे काढून, नाडी बांधत होते.

माइस्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याला सगळ्यांसमोर आणून, अगदी सावकाश, आम्हांला कळेल अशा सोप्या जर्मनमध्ये ते बोलले.

"इथं एक माणूस थांबला की बारा माणसं थांबतात. थांबलेला माणूस गार पडतो. तुम्हाला थांबायचं असेल तर सांगून थांबा. तुमच्या देशात हे शिकवत नाहीत का?"

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दोघींपैकी एका बाईनं दया येऊन त्याला चॉकलेटचा तुकडा दिला, आणि त्यानं तो लाजेनं आणखीच मेला. मग चालताना मला मराठीत म्हणाला, "शोभा झाली रे. आता नाही थांबणार मी. मेलो तरी नाही."

त्यानंतर दगडांचं मैदान लागलं. ज्वालामुखीच्या वेळचे प्रचंड काळे दगड, कोणी बैलगाडीएवढे, कोणी घंगाळाएवढे, उतारभर एकमेकांवर पडलेले. वरून बर्फाची सपाट चादर. दोन दगडांमध्ये कुठं भरीव आहे आणि कुठं नुसतं बर्फ अडकून राहिलंय, हे वरून कळायला मार्ग नाही. माइस्टर काठीनं टोचत पुढं गेले आणि आमची रांग तिथं मोडली. जो तो आपापला दगड शोधत निघाला. धुकं अंगाशी आलं होतं. बाकीच्यांचं नुसतं खोकणं आणि काठ्यांचा आवाज ऐकू येत होता.

अर्ध्या वाटेवर मित्र माझ्या जवळ सरकला. "मी जरा बाजूला जाऊन येतो. चहा फार झालाय."

"थांब, माइस्टरांना सांगतो."

"नको रे बाबा! एवढ्यासाठी परत सगळ्यांना उभं करतोस? त्या बायकांच्या देखत? दोन मिनिटांत गाठतो."

मी म्हटलं, "जा लवकर."

एवढंच बोलणं. त्याची पाठ धुक्यात गेली ती मी नीट बघितलीसुद्धा नाही, कारण माझं लक्ष माझ्या पायाखाली होतं.

पाच-सात मिनिटांनी दगड संपले. वरच्या बाजूला खुरट्या फरच्या झाडांची एक ओळ होती, तिथं माइस्टर थांबले आणि त्यांनी हाक दिली. आइन्स ते स्वतः. मग त्स्वाय, द्राय, फिअर, धुक्यातून एकेक आवाज. मी वळून मागं बघत होतो. तो दिसेना. माझा नंबर आला, मी 'आख्ट' म्हणालो. त्यापुढं किती वेळ गेला असेल? श्वास आत घेण्याएवढा. तेवढ्यात माझ्या डोळ्यापुढं तो लाल झालेला चेहरा आला. आता पुन्हा आठवर अडणार, पुन्हा हा माणूस खाली उतरणार, आणि या वेळी तो बिचारा पँटची बटणं लावत समोर येणार. मी मान खाली घातली, आवाज जाड केला आणि म्हणालो, 'नॉयन.' नऊ.

लगेच दहा, अकरा, बारा. माइस्टरांनी "गूट", म्हणजे ठीक, म्हटलं आणि आम्ही चालू लागलो.

त्यांना फसवणं अवघड नव्हतं. त्यांच्या कानांना आम्हां दोघांचं जर्मन सारखंच वाटे. वर्कशॉपात आमच्यापैकी कोणाचा फोन आला तरी दोघांतला कोण बोलतोय ते त्यांना कळत नसे. कॉलेजातल्या सरांपेक्षा हे सोपं होतं. मला, खरं सांगायचं तर, जरा गंमतच वाटली. वरती तो भेटला की त्याला सांगायचं, बेट्या, इथंसुद्धा तुझी प्रॉक्सी मारली.

पहिली पाच मिनिटं मी असा मनातल्या मनात हसत चाललो. पुढची पाच मिनिटं मागं वळून बघत चाललो. त्यानंतर दोनदा थांबून धुक्यात कान लावला. तेव्हा ओरडायचं होतं. तेव्हा ओरडलो असतो तर आम्ही दगडांपासून लांब नव्हतो. पण ओरडायचं म्हणजे खोटी हजेरी दिली हे सांगायचं, आणि तेही माइस्टरांना. मी स्वतःला समजावलं की तो सावकाशच आहे, येईल. आता येईल. त्या वळणावर येईल. असं म्हणत म्हणत मी शिखर गाठलं.

शिखरावर सपाट जागा, एक लाकडी क्रूस, बाजूला वाऱ्यापासून आडोशाची झोपडी. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर थिजत होतं. माइस्टरांनी हाक दिली. मी आठ म्हणालो आणि गप्प राहिलो. या वेळी माझ्या तोंडातून नऊ निघेना.

"नॉयन?" माइस्टर म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, "नॉयन!"

ते माझ्यापाशी आले. "तुमचा मित्र कुठं आहे? फरच्या झाडांपाशी होता. मी ऐकलं त्याला."

ही माझी दुसरी संधी होती. सगळे अकरा जण तिथं होते, दिवस अजून बराच होता.

"हो," मी म्हणालो. "तेव्हा होता."

त्याच्यावरून माइस्टरांनी हिशेब केला, आणि त्या हिशेबात त्यांची काहीच चूक नव्हती. माणूस झाडांपाशी होता, शिखरावर नाही. म्हणजे तो मधल्या चढावर कुठंतरी भरकटला. बाकीच्यांना झोपडीत बसवून आम्ही चौघं तो मधला उतार चाळायला निघालो. हाताच्या अंतरावर उभे राहून, आडवे, वर-खाली. हाका मारायच्या, थांबून ऐकायचं, पुन्हा हाका मारायच्या. तो कुठं आहे हे त्या चौघांत फक्त मला माहीत होतं, आणि मी त्यांच्याबरोबर भलतीकडं हाका मारत हिंडत होतो. असं मी सव्वा तास केलं. या सव्वा तासाबद्दल मला अजून झोपेत घाम फुटतो असं लिहिलं तर ते चांगलं दिसेल, पण ते खरं नाही. झोप मला लागते. जागेपणीच त्याची आठवण येते, बहुतेक जेवताना.

शेवटी मी म्हणालो, "खाली बघू या का? दगडांत?"

"खाली कशाला? दगड संपल्यावर त्याची हजेरी झाली आहे."

"मला वाटतं. कदाचित परत गेला असेल."

माइस्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं. मग ते खाली वळले.

तो दगडांच्या अगदी मधोमध सापडला, आमच्या पावलांच्या खुणांपासून वीस-पंचवीस हातांवर. दोन दगडांच्या मधलं बर्फ फुटून उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला होता आणि खाली घोट्याशी कपारीत आवळून बसला होता. तो पुढच्या दगडावर पालथा पडला होता. दोन्ही हात काखांत घातलेले, ओठ निळे. शुद्धीवर होता, पण थरथरायचा थांबला होता. माइस्टर म्हणाले की हे वाईट. मला बघून तो हसायला गेला, पण चेहरा हलला नाही.

त्याला सोडवायला आम्हांला पाऊण तास लागला. काठ्या घालून दगड रेटले, बूट सुरीनं फाडला. माइस्टरांनी गावात पाठवलेला माणूस गावकरी आणि बर्फावरची घसरगाडी घेऊन आला तेव्हा अजून उजेड होता. जवळच्या फुल्डा शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याच्या खाली कापला.

बाकीचे क्लबवाले परत गेले. माइस्टर आणि मी राहिलो. चौथ्या दिवशी मला आत सोडलं. इस्पितळ जोगिणींचं होतं. कोणीतरी त्याच्या उशाशी बशीत कार्निव्हलचा जॅम भरलेला गोड वडा ठेवला होता, आणि तो तसाच पडून सुकला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यानंच सुरुवात केली.

"पाय बर्फात गेला तेव्हाच तुमची हजेरी चालू झाली. सगळं ऐकू येत होतं मला. पाच, सहा, सात. मी म्हटलं, बरं झालं, आता नऊ येईल तेव्हा जोरात ओरडायचं, म्हणजे कळेल त्यांना मी कुठं आहे ते. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तू ओरडलास."

मी खाली बघत होतो.

"मला हसूच आलं रे आधी. म्हटलं, लागली हजेरी. आणि म्हटलं, याला माहीत आहे मी इथं आहे, आता हा सांगेल त्यांना. उगाच ओरडून आणखी शोभा कशाला? आपणच काढू पाय. मग काढत बसलो. ओरडलो तेव्हा तुम्ही गेला होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. घडलं ते तो क्रमानं सांगत होता, एवढंच. मी रडलो. तो म्हणाला, "रडू नकोस, ती नर्स येईल."

दुपारी माइस्टर आले. त्यांना क्लबासाठी घटनेचा अहवाल लिहायचा होता. खुर्ची ओढून ते बसले, गुडघ्यावर वही ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"फरच्या झाडांपाशी मी हजेरी घेतली. नऊ नंबर तुम्ही म्हणालात?"

मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. मित्रानं माझ्याकडं बघितलं नाही. तो छताकडं बघत होता.

"हो," तो म्हणाला. "मीच म्हणालो."

"मग खाली कसे गेलात?"

"हातमोजा." तो क्षणभर थांबला. "एक हातमोजा दगडांत राहिला होता. माझ्या बायकोनं विणलेला. तो आणायला परत गेलो. सांगून जायला हवं होतं. माझी चूक."

माइस्टरांनी ते लिहून घेतलं. सावकाश, अर्ध्या बोटांनी वही धरून. तो पाय गेलेला माणूस माझी प्रॉक्सी मारत होता आणि मी धडधाकट उभा राहून ती मारू देत होतो. 'नाही, मी म्हणालो होतो', एवढे चार शब्द मला जर्मनमध्ये उत्तम येत होते. माइस्टरांनी वही मिटली, उठताना त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बाहेर जाता जाता माझ्याकडं एकदा बघितलं. दगडांत शोधू या असं मी म्हणालो होतो, तेव्हा बघितलं होतं तसंच.

पुढं एकदाच मी क्लबाबरोबर गेलो, उन्हाळ्यात, न गेलं तर दिसेल म्हणून. माइस्टर आता नंबर ओरडायला लावत नव्हते. थांबले की ते रांगेतून मागं येत आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत. माझ्या खांद्यालाही लावला. त्यानंतर मी गेलो नाही. वर्कशॉपमधली माझी कामं मात्र ते वेळच्या वेळी करून देत राहिले, आणि तेच मला सोसत नसे.

वहिनी एप्रिलमध्ये ठरल्याप्रमाणं आल्या. फ्रँकफर्टच्या विमानतळावर कुबड्या घेतलेल्या नवऱ्याला बघून त्या रडल्या नाहीत. फक्त "तो हातमोजा मिळाला का हो?" एवढं विचारलं. पत्रात त्यानं त्यांनाही तेच लिहिलं होतं. "नाही," तो म्हणाला.

तो जर्मनीतच राहिला. डॉक्टरेट झाली, लाकडी पाय आला, मग आणखी चांगला पाय आला. चांगली नोकरी लागली, दोन मुली झाल्या. मीही तिथंच राहिलो, अर्ध्या तासाच्या ट्रामवर. दर रविवारी त्यांच्या घरी चहाला जायचं हे ठरूनच गेलं होतं. त्या घरात हातमोज्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की ती घरातल्या भांड्यांसारखी झाली. मुलींना मराठी सगळं कळे, बोलत जर्मन. बाप काही विसरला की धाकटी म्हणायची, "हांडशू, पापा!" म्हणजे हातमोजा, बाबा. सगळे हसायचे. तोही हसायचा, मीही.

वहिनी हसत नसत. पाहुण्यांना त्या सांगत, "मी विणलेला होता ना, म्हणून परत गेले हे. विकतचा असता तर गेले नसते." नवी नवरी असताना ज्या बाईनं हौसेनं मासिकं बघून विणकाम केलं, तिनं पुन्हा कधी सुया हातात घेतल्या नाहीत. दोन मुलींची बाळंतपणं झाली, तिथल्या थंडीत झाली, पण घरात एक टोपडंसुद्धा विणलं गेलं नाही. सगळं दुकानातून आलं. मला हे दिसत होतं. आम्ही दोघं एकटे असताना मी त्याला एकदा म्हणालो की आता तरी सांगू या. तो म्हणाला, "आता काय सांगणार? तुझं इथं येणं बंद होईल, एवढंच." आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, मला बरं वाटलं.

तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. हृदयविकारानं गेला, झोपेत. तो गेल्यावर दोन महिन्यांनी एका रविवारी मी गेलो तेव्हा वहिनी तळघरातल्या खोलीची आवराआवर करत होत्या. चहाचं आधण ठेवून त्या समोर येऊन बसल्या आणि माझ्यापुढं टेबलावर एक जुनं पाकीट ठेवलं. विद्यापीठाचे कागद होते त्या पेटीच्या तळाशी मिळालं म्हणाल्या. आत किरमिजी लोकरीचे हातमोजे होते. दोन. डाव्याचा अंगठा पेरभर लांब.

"दोन्ही आहेत," वहिनी म्हणाल्या.

मी ते हातमोजे उलटून बघितले.

"दुसरी जोडी असेल असं तुम्ही म्हणाल. पण मी एकच जोडी विणली होती. हे मग काय आणायला मागं गेले होते, भावजी?"

मी म्हणालो, "ते मागं गेलेच नव्हते, वहिनी. नऊ मी म्हणालो होतो."

मग सगळं सांगितलं. कॉलेजातल्या प्रॉक्सीपासून, चहा फार झाल्यापासून, त्या सव्वा तासापर्यंत, आणि इस्पितळात मी पलंगाच्या पायाशी कसा उभा राहिलो इथपर्यंत. आधण उकळून झाकण वाजायला लागलं. त्या उठल्या, गॅस बंद केला आणि तिकडंच पाठ करून उभ्या राहिल्या.

"म्हणजे माझ्या हातमोज्यानं काही केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

त्या टेबलापाशी आल्या. दोन्ही हातमोजे एकावर एक ठेवून त्यांनी तो लांब अंगठा आत दुमडला, विणताना चुकलेला कोणी बघू नये तसा. इतक्या वर्षांत दर रविवारी त्या मला दारापर्यंत सोडायला येत आणि "या हं" म्हणत. त्या दिवशी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"जा तुम्ही," वहिनी म्हणाल्या.